पाणी पाजण्याची रात्र

(काळोख. फक्त भट्टीचा उजेड.)

खिडक्या लावून घेतल्यात, दिवे मालवलेत. जपानी लोहार तलवारीला पाणी पाजतो ते असं, अंधारात. पोलाद किती तापलं, हे तो त्याच्या रंगावरून ओळखतो. उजेड असला की तो रंग डोळ्यांना फसवतो.

पण इथवर यायला या पोलादाला मोठा प्रवास करावा लागलाय.

(बर्फाळ डोंगर. छपरातून वर येणाऱ्या ज्वाळा.)

शिमाने प्रांतातलं ओकुइझुमो. इथे ऐन हिवाळ्यात तातारा पेटते. तातारा म्हणजे मातीची, हौदासारखी लांबट भट्टी. तीन दिवस, तीन रात्री तिच्यात थोडी थोडी लोखंडाची काळी वाळू आणि कोळसा टाकत राहायचं. वाळू जवळजवळ १० टन, कोळसा त्याहूनही जास्त. मुख्य कारागिराला मुरागे म्हणतात. ज्वाळेचा रंग बघून, भट्टीच्या पोटातला आवाज ऐकून पुढची वाळू कधी आणि किती टाकायची, ते तो ठरवतो. शेवटी भट्टीच फोडून टाकतात. आतून निघतो अडीच टनांचा लालबुंद गोळा आणि त्यातलं तलवारीच्या कामाचं पोलाद निम्म्याहूनही कमी. त्याला म्हणतात तामाहागाने.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तलवारी घडवायलाच बंदी आली होती. १९५३मध्ये परवाने सुरू झाले, आणि ही तातारा पुन्हा पेटली ती १९७७ साली.

(ऐरणीवर घणाचे घाव.)

हा ठेका ऐका. उस्ताद लहान हातोडीने टक् करतो, समोरचा शागीर्द घणाने उत्तर देतो. या उत्तराच्या घावाला जपानीत आयझुची म्हणतात. बोलणाऱ्याला आपण 'हं, हं' करून साथ देतो ना, त्या हुंकारालाही जपानी माणूस हाच शब्द वापरतो. लोहाराच्या भट्टीतून हा शब्द घराघरांत गेला, हे मला फार आवडतं.

पोलाद ठोकायचं, मधोमध चीर पाडायची, घडी घालायची, पुन्हा तापवायचं. दर घडीला थर दुप्पट. पंधराव्या घडीला ते ३२,००० च्या वर जातात. या आकड्याचं सगळीकडे कौतुक होतं. पण लोहाराला हवं असतं ते एवढंच, की मळ निघून जावा आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरावा.

(मातीचा लेप लावणारे हात.)

आता पुन्हा त्या रात्रीकडे. पात्यावर माती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड कालवून लेप दिलाय. पाठीवर जाड, धारेवर पातळ. भाता सावकाश चाललाय. पातं भट्टीत पुढे-मागे सरकतंय, टोकापासून बुडापर्यंत रंग एकसारखा होईस्तोवर. कुणी बोलत नाही.

आणि पातं पाण्यात जातं.

(पाण्याचा चर्र आवाज. मग शांतता.)

धारेवरचा लेप पातळ, म्हणून धार झटक्यात थंड होऊन कडक बनते. पाठ हळू निवते, चिवट राहते. कडक होताना धारेकडचं पोलाद फुगतं आणि सरळ पातं पाठीकडे वाकतं. कटानाचा तो डौलदार बाक ठोकून आणलेला नाही, तो पाण्यात जन्मतो. त्याच क्षणी तडाही जाऊ शकतो. बारीकसा 'टिंग' आवाज, आणि कित्येक आठवड्यांची मेहनत गेली. म्हणून सगळे कान देऊन उभे असतात.

पुढचं काम धार लावणाऱ्या कारागिराचं. एकामागून एक बारीक होत जाणारे दगड, शेवटी अंगठ्याखाली पापुद्र्याएवढी दगडाची चकती. मग धारेवर दिसू लागते ती धुक्यासारखी पांढरी लाट, हामोन.

(छिन्नीचे हलके घाव.)

सगळ्यात शेवटी लोहार आपलं नाव कोरतो, मुठीत जाणाऱ्या भागावर, जो एरवी कुणाला दिसत नाही. त्या भागावर चढणारा गंज कधीच काढत नाहीत. शेकडो वर्षांनी जाणकार मूठ उतरवतो, आणि गंजाचा रंग बघून तलवारीचं वय सांगतो.