पावसाळ्याला हिवाळा म्हणणारा व्यापारी

हे जुन्नर. जुलै महिना, सकाळचे अकरा वाजलेत आणि शिवनेरी पार ढगात गेलाय, समोर असूनही दिसत नाही. माझ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले झेरॉक्सचे कागद आहेत ना, ते आम्हाला एमएला वाचायला होते. पंधराव्या शतकातलं रशियन. लिहिणारा अफानासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी, विकायला एक घोडा घेऊन समुद्रातून चौलला उतरला, तिथून जुन्नरला आला आणि पावसात इथेच अडकला. चौलला तो ‘चिविल’ म्हणतो, जुन्नरला ‘च्युनेर’. आणि आपल्या पावसाळ्याला चक्क ‘झिमा’ म्हणतो, म्हणजे हिवाळा.

मी इथल्याच बाजूची. पुण्याला रशियन शिकायला गेले तेव्हा घरी सगळ्यांचा एकच प्रश्न, याचं पुढे काय करणार? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, हा व्हिडिओ म्हणजे ते उत्तर आहे असं समजा.

पहिले दोन महिने फक्त लिपी आणि उच्चार. ३३ अक्षरं, ती आठवड्यात होतात, पण एक स्वर आहे ‘इ’ आणि ‘उ’च्या मधे कुठेतरी, तो देवनागरीत लिहिताच येत नाही, तो होस्टेलच्या गच्चीवर जाऊन म्हणत बसायचे. मग विभक्ती सुरू झाल्या, सहा, आणि वर्गात सगळे घाबरले. मला मात्र तिथेच बरं वाटायला लागलं. कारण रशियन माणूस ‘मी थंड आहे’ म्हणत नाही, तो म्हणतो ‘म्न्ये खोलद्ना’, मला थंड. आवडतं तेही मलाच आवडतं, ‘म्न्ये न्रावित्सा’. तीन लिंगं आपल्यासारखीच, फक्त आपली ती खिडकी आणि त्यांचं ते ‘अक्नो’. लिहीत होते आणि लिहून काढलं यात जो फरक आपण न शिकता करतो त्यासाठी त्यांच्याकडे क्रियापदांच्या जोड्याच आहेत, ‘पिसात्’ आणि ‘नपिसात्’. आणि नावात मधे वडलांचं नाव! शाळेच्या दाखल्यावर आपलं असतं तसंच. फक्त तिकडे सरांना हाक मारतानाही ते घ्यायचं, तोच मान.

खरं सांगायचं तर मी भाषा शिकायला गेले होते, साहित्य आणि इतिहास हे पेपर आहेत म्हणून घेतले होते. पण ते वेगळे राहतच नाहीत. दस्तयेव्स्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ मधला नायक रस्कोल्निकोव, आम्ही ते नुसतं आडनाव म्हणून वाचत होतो. मॅडमनी फळ्यावर ‘रस्कोल’ एवढंच लिहिलं. रस्कोल म्हणजे फूट, तडा. सतराव्या शतकात रशियन चर्चमधे पूजेच्या रीतींवरून मोठी फूट पडली, दोन बोटांनी क्रूस करायचा की तीन इथपर्यंत, आणि जुन्या रीतीचे लोक ते रस्कोल्निक. त्यांना शाप देणारी धर्मसभा सुरू झाली १६६६ मधे, कादंबरी छापायला लागली १८६६ मधे. माणूस दुभंगलेला आहे हे लेखकाने त्याच्या आडनावातच ठेवलंय, ते दिसायला मात्र शब्दही माहीत हवा आणि इतिहासही.

अख्मातवाचा तास मी कधीच विसरणार नाही. स्तालिनच्या काळात तिच्या मुलाला अटक झाली, आणि ही कवयित्री लेनिनग्रादच्या तुरुंगाबाहेर सतरा महिने रांगेत उभी. तिनेच लिहून ठेवलंय, मागच्या एका बाईने कानात विचारलं, हे तुम्ही लिहू शकाल? तिचं उत्तर रशियनमधे एका शब्दाचं आहे, ‘मगू’. शकते. ‘मी’सुद्धा नाही त्यात, आपण मराठीत म्हणू तसंच. मग त्या कविता कागदाच्या चिठोऱ्यावर लिहायच्या, मैत्रिणीने पाठ करायच्या, आणि चिठोरं तिथेच जाळून टाकायचं. त्याच कवितांचं ‘रेक्विएम’ त्यांच्याच देशात छापून यायला १९८७ उजाडलं. त्या दिवशी घरी येऊन मी ते पाठ करायला घेतलं, कोणी सांगितलं नव्हतं.

तर निकितिन. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल तरच परत देईन म्हणाला, शेवटी इराणकडच्या खोरासानच्या एका माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा मिळाला. परत जाताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला, घरी पोचलाच नाही, त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन दिल्या म्हणून आज आपल्या हातात हे आहे. त्याच्या रशियनमधे मधेच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात. या दिवसांत इथले लोक नांगरतात आणि गहू, ‘तुतुर्गान’, ‘नोगूत’ पेरतात असं तो लिहितो. तुतुर्गान म्हणजे भात, नोगूत म्हणजे हरभरा. वर्गात इथे माझा हात वर गेला. मॅडम, पावसात हरभरा कोण पेरतं? आमच्याकडे गहू हरभरा रब्बीला! भात बरोबर आहे, बाकीचं त्याने पुढचं मागचं एकत्र केलं असणार किंवा ऐकून लिहिलं असणार. मॅडम दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, हे तू लिही, हाच तुझा पेपर.

पण एक ओळ त्याने ऐकून लिहिलेली नाही. ती मी इथे उभी राहून वाचते. ‘चार महिने, रोज दिवस आणि रात्र, सगळीकडे वदा दा ग्र्याझ्.’ यातला ‘दा’ म्हणजे हो नाही, जुन्या रशियनमधला ‘आणि’. पाणी आणि चिखल. माझ्या चपला बघा.