पलीकडच्याचा पॉइंट

नमस्कार. समोर बरेच पालक आहेत, आसपासच्या कॉलेजांतले क्रीडाशिक्षक आहेत, आणि मागच्या ओळीत माझ्या टेनिसच्या वर्गातली चार-पाच मुलंही येऊन बसलेली दिसतात. संयोजकांनी विषय मोठा दिलाय, कॉलेजमधला खेळ आणि ख्रिस्ती मूल्यं. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. टेनिसमध्ये चेंडू आत पडला की बाहेर, हे सांगायचं कोणी?

विम्बल्डन १८७७ साली सुरू झालं. तिथे रेषांवर डोळा ठेवणारी माणसं असायची. २०२५ पासून ती गेली, आता कॅमेरे सांगतात. आपल्या मैदानावर कॅमेरा नाही आणि रोजच्या खेळाला पंचही नाही. अशा खेळाचा जगभरचा नियम साधा आहे. नेटच्या ज्या बाजूला तुम्ही उभे, त्या बाजूचा कॉल तुम्हीच द्यायचा. चेंडू रेषेला नुसता शिवला तरी आत. आणि नीट दिसलं नसेल, शंका असेल, तर पॉइंट समोरच्याचा.

आपली मुलं क्रिकेट आणि कबड्डीवर वाढलेली. तिथे बोट वर करणारा, शिट्टी वाजवणारा कोणीतरी असतो, आणि त्याने पाहिलं नाही तर ते झालंच नाही, असं आपण लहानपणीच शिकून बसतो. टेनिसच्या पहिल्या आठवड्यात मुलांना फोरहँडपेक्षा, म्हणजे सरळ हाताच्या फटक्यापेक्षा, हेच जड जातं. आपल्याविरुद्धचा निकाल आपणच, मोठ्याने द्यायचा.

मला हे का महत्त्वाचं वाटतं, ते सांगतो. मी कॉलेजात असताना एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात तिसरा सेट चालू होता. समोरच्याचा फोरहँड माझ्या बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, पडला. रेषेवरची फक्की उडालेली मी डोळ्यांनी पाहिली. आणि 'आउट' म्हणालो. त्याने एकदाच विचारलं, 'नक्की?' मी मान हलवली. चेंडू उचलला तर त्याच्या लवीला पांढरी फक्की चिकटलेली होती. मी ती अंगठ्याने पुसली, चेंडू पँटला घासला आणि पुढची सर्व्हिस केली. सामना मी जिंकलो. तो मुलगा हस्तांदोलन करून गेला. नंतर त्याला गाठून खरं सांगता आलं असतं, तेही मी केलं नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू सांगतात की शपथा वाहू नका, तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही, एवढंच असू द्या. हे मी लहानपणापासून उपासनेत ऐकत आलो. पण आजही ते कानावर पडलं की मला ती हललेली मान आठवते. वर्ग सुरू करायचं ठरलं तेव्हा मी मनाशी एवढंच पक्कं केलं होतं, की मुलांच्या हातात रॅकेट देण्याआधी हा नियम द्यायचा.

वर्गात सगळ्या घरांतली मुलं-मुली आहेत. काही ख्रिस्ती आहेत, बरीच नाहीत. सकाळी सव्वासहाला आम्ही बेसलाइनवर एका रांगेत मिनिटभर उभे राहतो. ज्याला प्रार्थना करायची तो मनात करतो, बाकीचे शांत उभे असतात. मैदानावर बायबलचा तास मी घेत नाही. श्रद्धा ज्याची त्याची, पण कॉल सगळ्यांचा सारखा, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगून टाकतो.

कोर्ट आम्ही स्वतः केलंय. आपल्या खान्देशातली काळी माती कापसाला सोनं, टेनिसला मात्र मुळीच चालत नाही. पावसात फुगते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून वरची माती काढली, मुरूम भरला, वर बारीक चाळलेल्या मुरमाचा थर दिला, पाणी मारून रूळ फिरवला. आखणीला टेप आणि सुतळी. लांबी २३.७७ मीटर, डबल्सची रुंदी १०.९७. काटकोन बरोबर आला का हे पाहायला विज्ञान शाखेच्या मुलींनी कर्णाचं गणित केलं, २६.१८ मीटर. टेप धरला तर दोन्ही कर्ण चार बोटांनी चुकले होते. सगळं उखडून पुन्हा आखलं. वाकड्या रेषेवर खरा कॉल कसा देणार?

आता शिकवण्याकडे येतो. क्रिकेटची सवय असलेला मुलगा पहिल्या दिवशी रॅकेट बॅटसारखी फिरवतो आणि चेंडू कुंपणापलीकडच्या कपाशीत जातो. त्याला जोरात मारल्याचा आनंद होतो आणि समोरचा अर्धा तास चेंडू शोधत राहतो. म्हणून सुरुवात लाल चेंडूने. तो नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो. त्यानंतर नारिंगी, ५० टक्के मंद, मग हिरवा, २५ टक्के. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ पासून नवशिक्यांसाठी हीच पद्धत पुढे आणली, आणि २०१२ पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंदच केला. लाल चेंडू लहान मुलांचा, असं कॉलेजच्या मुलांना सुरुवातीला वाटतं. दोन दिवसांत ते वाटणं जातं, कारण चेंडू परत यायला लागतो.

पहिले तीन आठवडे आम्ही गुणच मोजत नाही. दोघांनी मिळून दहा फटके सलग मारायचे, एवढंच. यात एक गोष्ट आपोआप घडते. समोरच्याला पोचता येईल असा चेंडू दिला नाही, तर तुमचाही आकडा वाढत नाही. समोरच्याचा बॅकहँड, म्हणजे उलट्या हाताचा फटका, कच्चा आहे, मग त्याला फोरहँडवर द्या. त्याचा गुडघा दुखतोय, मग त्याला पळवू नका. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा, हे आपण ऐकतो. त्यावर एका शास्त्र्याने येशूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण? उत्तरात येशूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला. माझ्या वर्गापुरतं मी म्हणतो की नेटच्या पलीकडे उभा आहे तो. नेट मध्यभागी जेमतेम ९१ सेंटिमीटर उंच असतं. त्यावरून माणूस पूर्ण दिसतो.

तास संपला की चेंडू वेचायचे असतात. हे काम कोणाला लावायचं, यावर एका वर्षी वर्गात कुरबुर झाली. हरलेल्यांनी वेचावे असं काहींचं मत. तेव्हापासून पहिली बादली मी उचलतो. आपल्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ पासून शाळेत शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, हे इथे कोणाला सांगायला नको. शिष्यांचे पाय धुणारा गुरू आम्हाला शुभवर्तमानात भेटतो. दोन्हीकडचा धडा मला एकच दिसतो, म्हणून मी आधी वाकतो. आता बादली मला मिळेपर्यंत निम्मे चेंडू वेचून झालेले असतात.

पालक मला विचारतात, सर, एवढा खरेपणा शिकवला तर मुलं जिंकणार कशी? प्रश्न खरा आहे, तो मी टाळणार नाही. २००५ साली रोमच्या स्पर्धेत अमेरिकेचा अँडी रॉडिक मॅच पॉइंटवर होता, म्हणजे आणखी एक पॉइंट मिळाला की सामना त्याचा. समोर स्पेनचा वर्दास्को. त्याची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली, म्हणजे डबल फॉल्ट, सामना रॉडिकचा. पण तिथलं कोर्ट लाल मातीचं, चेंडूचा ठसा उमटतो. रॉडिकने ठसा पाहिला आणि चेंडू आत असल्याचं स्वतःच सांगितलं. पॉइंट वर्दास्कोला गेला आणि पुढे सामनाही त्यानेच जिंकला. रॉडिक हरला, हे मी मुलांपासून लपवत नाही. खरं बोललं की देव जिंकवतो, असं सांगणं मला खोटं वाटतं. तसं वचन कुठे दिलेलं नाही. मुलांना मी एवढंच सांगतो की हरायची तयारी ठेवून कॉल द्या, आणि दुसऱ्या दिवशी सव्वासहाला पुन्हा या.

गेल्या जानेवारीत आमच्या वर्गातच सामने झाले. मुलींच्या शेवटच्या सामन्यात दोघी बरोबरीत होत्या. एकीचा फटका खोलवर गेला, मी बाजूला बसलो होतो, मला तो बाहेर वाटला. बघणारी मुलंही 'आउट, आउट' ओरडली. ज्या मुलीच्या बाजूला चेंडू पडला, ती बेसलाइनपाशी वाकली. मुरमावर बोट ठेवून तिने नीट पाहिलं. मग उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता समोरच्या मुलीला म्हणाली, "लाइनवर पडना बॉल. पॉइंट तुना शे."

समोरचीने रॅकेट खाली केली आणि विचारलं, "नक्की?"

"हा, नक्की."

मी नंतर जाऊन पाहिलं. रेषेच्या बाहेरच्या कडेला बोटभर फक्की सरकलेली होती.

नवा वर्ग परवापासून आहे. रॅकेट आमच्याकडे आहेत, बूट नसले तरी चालतील, पहिले काही दिवस अनवाणी खेळलेलीही मुलं आहेत. उद्या पहाटे फक्की मारायची आहे, टेप धरायला दोन माणसं कमी पडतात. ज्यांना जमेल त्यांनी यावं.