एक पाट, चार फड

नमस्कार मंडळी. पांझरेकाठच्या माणसाला धुळ्यात बोलायला उभं केलं की तो फडापासून सुरुवात करणारच. विषय ऑफिसातल्या फायरवॉलचा आहे, म्हणजे ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणाऱ्या राखणदार बॉक्सचा. त्यावरच्या पोर्टचा, म्हणजे केबल खोचायच्या जागांचा, आणि व्हीलॅनचा, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडण्याचा. त्यावर येतोच, पण आधी पाच मिनिटं नदीवर काढू.

साक्रीकडच्या मंडळींना हे सांगायला नको. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला एक पाट, पाटाच्या चाऱ्या आणि चाऱ्यांखाली फड, म्हणजे शेतांचे पट्टे. एका फडात एकच पीक. कोणत्या फडाला कधी पाणी सोडायचं ते पाटकरी बघणार, राखण जागल्या करणार. कोणी रात्री फावडं घेऊन परस्पर बांध फोडायचा नाही. तीन-चारशे वर्षं हे चाललं. पाट सगळ्यांचा एक, तरी उसाचं पाणी बाजरीत शिरत नाही. आपल्या पूर्वजांनी हे दगडमातीत करून दाखवलं आणि आपल्या ऑफिसात आज काय आहे? पाट आहे, फड नाहीत. हिशेबाचं मशीन, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, हजेरीचं यंत्र, पाहुण्यांचे मोबाइल, सगळं एकाच वावरात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज आलो.

आता रावेर तालुक्यातली गोष्ट. केळीचे एक व्यापारी, नाव सांगत नाही. मे महिना, कटाई जोरात, दारात ट्रक भरून उभे. सकाळी मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, तीन मशीन चालतात, दोन चालत नाहीत. बिल निघत नाही." मी सांगितलं, बंद करून चालू करा. केलं, तर तिसरंही गेलं! इंटरनेटवाल्याला दोन तास बोल लावून झाले, त्याची लाइन ठणठणीत होती. ज्यांच्या घरी केळीची बाग आहे त्यांना सांगतो, त्या उन्हात भरलेला ट्रक दोन तास उभा ठेवणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. शेठ चिडले नाहीत. नुसते ओट्यावर बसून ट्रककडे बघत होते. ते मला जास्त लागलं.

मी पोहोचलो. बंद मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) पाहिला, १९२.१६८.०.१२. ऑफिसचे पत्ते तर १९२.१६८.१ ने सुरू व्हायचे. म्हणजे पत्ते वाटणारा दुसराच कोणीतरी आत बसला होता. केबल धरून शोधत गेलो. ड्रायव्हर मंडळींच्या बाकड्यामागे भिंतीत एक मोकळं सॉकेट होतं. ऑफिसातल्या एका पोरानं घरचा जुना वायफाय राउटर आणून त्यात खोचला होता. मोबाइलला रेंज यावी एवढाच त्याचा हेतू.

झालं काय, ते समजून घ्या. मशीन सुरू झालं की ते सगळ्या नेटवर्कला हाळी देतं, "मला पत्ता कोण देतं?" जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता ते घेतं. घरच्या राउटरनं आधी उत्तर दिलं तर ते मशीन बिलाच्या सर्व्हरपासून तुटलं. ऑफिसचे पत्ते वाटणाऱ्या फायरवॉलनं आधी दिलं तर चाललं. म्हणून तीन चालू, दोन बंद. त्या पोराच्या मोबाइलला पत्ता फायरवॉलकडून मिळाला होता, त्यामुळे त्याचं मात्र छान चाललं होतं! त्याला कोणी रागावू नये असं मी शेठना सांगितलं. ज्यानं ते सॉकेट हिशेबाच्या नेटवर्कला जोडून मोकळं सोडलं, चूक त्याची. आमच्या धंद्यातले लोक फायरवॉलचा बॉक्स लावतात, इंटरनेट चालू झालं की बिल देऊन निघतात. त्याच बॉक्समध्ये फड पाडायची सोय असते. ग्राहकानं तिचे पैसे भरलेले असतात आणि ती कोणी उघडूनही बघत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर मूळ विषय.

व्हीलॅन म्हणजे फड. हाळी फडाबाहेर जात नाही. १९९८ साली याचं प्रमाण ठरलं, ८०२.१क्यू. फ्रेमला, म्हणजे माहितीच्या पुडक्याला, चार बाइटची पाटी लागते, तिच्यावर व्हीलॅनचा नंबर. असे ४०९४ नंबर वापरता येतात, आपल्याला तीन पुरतात. जळगावहून भुसावळपर्यंत नागपूरची गाडी आणि इटारसीची गाडी सोबत जातात, पाटीवरून कोणती कुठली ते कळतं, तसंच.

आधी कागदावर काढा. हिशेब १०, कॅमेरे २०, पाहुणे ३०. पत्तेही तसेच ठेवा, १९२.१६८.१०, २०, ३०. मग फायरवॉलवर हे तीन व्हीलॅन तयार करा, प्रत्येकाला पत्ता द्या, डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, चालू करा.

नंतर पोर्ट. साधं मशीन लागणारं पोर्ट त्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड, म्हणजे पाटीशिवाय, आणि पीव्हीआयडी, म्हणजे पाटी नसलेल्या फ्रेमला मिळणारा व्हीलॅन नंबर, तोच. आधीपासूनच्या एक नंबर व्हीलॅनमधून ते पोर्ट काढायला विसरू नका. ज्या बॉक्समध्ये आतच स्विच, म्हणजे सगळे पोर्ट एकमेकांना जोडणारा भाग, असतो, त्यात स्विचकडून प्रोसेसरकडे जाणारं एक पोर्ट असतं, आपला पाट तोच. तिथे तिन्ही व्हीलॅन टॅग्ड, म्हणजे पाटीसकट, लागतात. बहुतेक जण इथेच चुकतात, मग पोर्टचा दिवा लागतो पण पत्ता मिळत नाही. दोन नावांचं वायफाय देणारं यंत्र असेल तर त्याच्या पोर्टलाही टॅग्ड. पुढे साधा स्वस्त स्विच जोडला, तर त्याच्यावरचं सगळं एकाच फडात, हेही धरून चाला.

आता नियम, म्हणजे पाटकरी. बऱ्याच फायरवॉलमध्ये नव्या व्हीलॅनला सुरुवातीला काहीच मोकळं नसतं. नियम वरून खाली वाचले जातात. पाहुण्यांना आधी डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, द्या, त्याखाली आतल्या नेटवर्कला बंदी, त्याखाली इंटरनेट. हिशेबवाल्यांना रेकॉर्डर दिसावा, रेकॉर्डरला हिशेब दिसू नये.

आणि ज्या पोर्टवरून तुम्ही सेटिंग करताय त्याला हात लावू नका. एक पोर्ट आपल्यासाठी राखून ठेवा, आधी बॅकअप घ्या.

उठा म्हणताहेत. बाहेर टेबलावर बॉक्स मांडलाय, चार नंबरच्या पोर्टला पाहुण्यांचा फड आहे. एक घरचा राउटर पण आणलाय. या, तो तिथे खोचा आणि शेजारचं बिलाचं मशीन चालतं का ते बघा.