म्हणजे कुठले?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी मराठी शाळा सुटल्यावर आपल्यातल्याच एका काकांनी दहा वर्षांच्या एका मुलाला नाव विचारलं. त्याने आडनावासकट सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे कुठले?" मुलगा म्हणाला, "बेलव्ह्यूचे." सिएटलशेजारच्या, तो राहतो त्या शहराचं नाव सांगितलं त्याने. सगळे हसले. गाडीत बसल्यावर त्याने आईला विचारलं, "मी बरोबर सांगितलं, मग हसले का?"

त्या प्रश्नात काय विचारलं होतं, हे या सभागृहात कुणालाही समजावून सांगायला नको. आडनावावरून जात कळली नाही की गाव, गावावरून कळलं नाही की "नॉनव्हेज चालतं का?"

सिएटल नगर परिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी ६ विरुद्ध १ मतांनी भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घातला. अमेरिकेतलं असं करणारं हे पहिलं शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. तेव्हा आपले व्हॉट्सॲप ग्रुप महिनाभर पेटले होते. पण तक्रार करायची कशी, हे त्यातल्या एकाही मेसेजमध्ये नव्हतं. म्हणून आज सांगते.

तक्रार शहराच्या नागरी हक्क कार्यालयाकडे करायची. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि व्हिसा कुठला याने फरक पडत नाही. नोकरीतल्या किंवा हॉटेल-दुकानातल्या भेदभावासाठी मुदत दीड वर्ष, घरासाठी एक वर्ष. तपास अधिकारी तुमचा वकील नसतो. तो दोन्ही बाजूंची कागदपत्रं मागवतो, साक्षीदारांशी बोलतो. मध्येच समझोता होऊ शकतो. नाहीतर तक्रारीत तथ्य आहे की नाही, याचा निर्णय होतो. तक्रार केली म्हणून साहेबाने त्रास दिला, तर तो कायद्याचा वेगळा भंग धरला जातो.

तक्रारी फसतात त्या बहुतेक वेळा कागदावर. "ते मला नेहमी टाकून बोलायचे" एवढ्याने भागत नाही. तारीख, जागा, नेमके शब्द, कोण ऐकत होतं, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. शब्द मराठीत असतील तर मराठीतच लिहा. "तुम्ही कोट्यातून आलात ना?" या वाक्यातला डंख भाषांतरात मरतो. मेसेज पुसू नका. आणि त्याच टीममध्ये, तेवढंच काम करणाऱ्या दुसऱ्याला कसं वागवलं गेलं, तेही टिपून ठेवा. तपास तुलनेवर उभा राहतो.

एच-वन-बीवरचा, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावरचा माणूस मात्र गप्पच बसतो. नोकरी गेली तर दुसरी शोधायला, नाहीतर देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस. ही भीती खरी आहे, तिला भित्रेपणा म्हणू नका. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आपण बसलेलो असतो आणि साक्ष द्यायची वेळ आली की आपल्याला काही ऐकू आलेलं नसतं. याचं मला फार वाईट वाटतं.

नुसता कायदा होऊन भागत नाही. महाड नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालचा. ओंजळ भरली गेली १९२७ साली, आणि त्यानंतर काय झालं तेही आपल्याला ठाऊक आहे.

आता त्या मुलाचं उत्तर पुन्हा ऐका: "बेलव्ह्यूचे." सिएटलचा कायदा शहराच्या हद्दीपुरता आहे. लेक वॉशिंग्टन ओलांडून बेलव्ह्यूला गेलात, रेडमंडला गेलात, की तो लागू नाही. आपली निम्मी घरं आणि कितीतरी ऑफिसं त्या बाजूला आहेत. आणि आपली मराठी शाळाही त्याच बाजूला भरते.

त्याची आई मला परवा भेटली. त्याला काय सांगायचं, हे तिचं अजून ठरलेलं नाही.