कुंडल रोडचा नांगर

(दृश्य: जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग. फळ्यावर खडूने दोन रांगा लिहिलेल्या.)

शाळेत एक प्रश्न हमखास असायचा. जोड्या लावा. डावीकडे वाफेचं इंजिन, विजेचा दिवा, टेलिफोन, डिझेल इंजिन. उजवीकडे एडिसन, बेल, डिझेल आणि वॅट, उलटसुलट मांडलेले. पट्टी धरून चार रेघा मारल्या की चार गुण.

त्या रेघांखाली बरंच काही दडून राहायचं. जेम्स वॅटचंच घ्या. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ पासून इंग्लंडमधल्या खाणींचं पाणी उपसत होतं. त्याची एक छोटी प्रतिकृती ग्लासगो विद्यापीठात वॅटकडे दुरुस्तीला आली. दर फेऱ्याला तेच सिलिंडर तापवायचं आणि तेच पुन्हा थंड करायचं, यात वाफ फुकट जाते हे त्याला दिसलं. त्याने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं. १७६९ साली त्याला पेटंट मिळालं. म्हणजे वहीत ज्याच्या नावाशी रेघ जाते, त्यानेही दुसऱ्याचं यंत्र उघडून, त्यातली खोट शोधून ते नीट बसवलं होतं.

असं यंत्र नीट बसवणारी माणसं आमच्याकडेही होऊन गेली. पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत त्यांचे कारखाने उभे राहिले.

(दृश्य: धावत्या गाडीच्या खिडकीतून उसाचे फड, मागे डोंगर.)

सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात आधी नांगर आणि मग डिझेल इंजिनं तयार झाली. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन जर्मनीत १८९७ मध्ये चाललं, पण आपल्याकडे त्याची खरी गरज विहिरीच्या काठावर होती. तिथे तोवर चामड्याची मोट आणि बैलजोडीच राबत होती. हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते. त्यांच्यावर एक वेगळी फिल्म व्हायला हवी.

(दृश्य: कराड स्टेशन. फलाटावरची पाटी.)

कराडचं स्टेशन ज्या वस्तीत आहे तिचं नाव ओगलेवाडी. ओगले बंधूंच्या काच कारखान्यावरून पडलेलं. इथला ‘प्रभाकर’ कंदील गोठ्यात, ओसरीवर, बैलगाडीच्या साट्याखाली लोंबकळत अख्ख्या महाराष्ट्रभर फिरला. नाव वडिलांचं, आणि अर्थ सूर्य.

वाऱ्यात न विझणारा कंदील मुळात परदेशातला. पण तो इथे करायचा म्हणजे आधी त्याची काच जमायला हवी. आतून ज्योतीची धग, बाहेरून पावसाचा थेंब. काच घाईने थंड केलेली असेल तर तिच्यात ताण राहतो आणि पहिल्याच थेंबाला ती तडकते. म्हणून घडवलेली काच भट्टीबाहेर एकदम आणायची नसते, तिला सावकाश निववावं लागतं. माझी आजी संध्याकाळी त्या काचेत राख घालून फडक्याने पुसायची. मनगट आत जाईल एवढंच तोंड. ‘काच फोडशील’ म्हणून आम्हा पोरांना हात लावायला बंदी होती.

(दृश्य: गाडी ताकारी सोडते. पुढचं स्टेशन, किर्लोस्करवाडी.)

या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचंय.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुलाला चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि दोनेक वर्षांत कळलं की काही रंग त्याला ओळखूच येत नाहीत. चित्रकाराच्या आयुष्यात याहून मोठा घाव कुठला असेल? ब्रश बाजूला ठेवला, पण रेघ त्याच्या हातात पक्की होती. यंत्रांची रेखाटनं काढायला रंग लागत नाहीत. तीच तो शिकला, आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तीच शिकवू लागला. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतला. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतंच.

पहिलं यंत्र केलं ते कडबा कापायचं. मग हात घातला लोखंडी नांगराला.

(दृश्य: काळं रान. लाकडी नांगर, जवळून.)

आपला लाकडी नांगर जमीन उकरतो. फाळ मातीत घुसतो, तास पडतं, माती दोन्ही अंगांना सरकते. पण ती उलटी होत नाही. हराळी आणि कुंदा या तणांच्या मुळ्या खाली तशाच राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा डोकं वर काढतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळणदार पंख असतो. कापलेली मातीची वडी त्यावर चढते, वळते आणि पालथी पडते. खालची माती वर, तण खाली, मुळ्या उन्हात.

अमेरिकेत जेथ्रो वुडने १८१९ सालीच बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नांगराचं पेटंट घेतलं होतं. त्याचे भाग सुटे होते, झिजलेला भाग तेवढा बदलता यायचा. पण तिकडच्या काळ्या, चिकट रानात बिडाला माती लपेटून बसायची. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने तुटक्या करवतीच्या पात्यापासून गुळगुळीत पोलादी फाळ केला, तेव्हा कुठे माती घसरायला लागली. कृष्णाकाठचं रान ज्याने ओल्यात तुडवलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चपलेला चिकटलेली माती काटकीने खरवडताना निम्मी वाट संपते.

लक्ष्मणरावांपुढे अडचण आणखी एक होती, आणि ती मातीहून चिवट होती. लोकांना वाटायचं की लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढतं. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. मला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही. ज्याची वर्षभराची भाकरी एका नांगरटीवर उभी आहे, तो दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून आधी बघणारच.

नांगर खपू लागले तोवर बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. नगरपालिकेला ती हवी होती. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, पुढे आले. कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. एका चित्रकाराने दुसऱ्या, होता होता राहिलेल्या चित्रकाराला दिलेली जमीन, असं मी याकडे बघतो.

जमीन म्हणजे माळ. निवडुंग आणि नाग. १९१० मध्ये तिथे पालं पडली. शंभूअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी माणसं जमली. काहींचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, पण यंत्राची नस ओळखणारी. राखणीला ठेवले ते शिक्षा झालेले दरोडेखोर, आणि पुढे त्यांच्याच भरवशावर वाडी निर्धास्त झोपायची. त्या माळावर भट्टी पेटली, नांगर निघाले. मागून उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप आले. १९२० साली इथूनच एक मासिकही निघालं. त्याचं पहिलं नाव ‘किर्लोस्कर खबर’. नांगराच्या गावातून मासिक निघावं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

(दृश्य: गोठा. भिंतीला टेकवलेला जुना लोखंडी नांगर.)

आमच्या गोठ्यात असा एक नांगर आहे. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, याच्यावर कोंबड्या बसतात. फाळाचं टोक झिजून अंगठ्यासारखं गोल झालंय. पंखावर मात्र मातीने एवढं घासलंय की गंज हटवला तर अजून चकाकी निघते.

या फिल्मसाठी आम्ही तो बाहेर काढला, शेजाऱ्यांची बैलजोडी आणली. चुलते, म्हणजे तात्या, म्हणाले, धर की रुमणं. मी नांगराची ती मूठ धरली. बैल चालले तसा फाळ वरवरच घसरायला लागला, म्हणून मी दोन्ही हातांनी सगळा भार देऊन दाबलं. फाळ आणखीच वर आला.

तात्या मागून ओरडले, ‘‘आरं, दाबू नगंस! वाईच उचल. मागनं उचललंस की म्होरनं बसतंय त्ये.’’

मी उचललं. फाळ खाली गेला, पंखावर काळी वडी चढली आणि उजवीकडे पालथी पडली.