डिस्वेड केलं, की करून पाहिलं?

नमस्कार मंडळी, आजचा शब्द डिस्वेड. कुणीतरी काहीतरी करायला निघालंय आणि आपण चार गोष्टी समजावून त्याला तो बेत सोडायला लावतो, ते डिस्वेड. पर्स्वेडच्या बरोब्बर उलटं. दंडाची पाटी लावून, धाक दाखवून अडवलं तर ते डिटर. आणि डिस्करेज म्हणजे कधी अडवणं, कधी समोरच्याचा हुरूपच घालवणं, जे आपले नातेवाईक दहावीचा निकाल लागला की फुकटात करतात, पोरगं आर्ट्स घेतो म्हणालं की ह्यांच्या पोटात गोळा, अरे घेऊ दे ना त्याला, तुम्हाला कुठे पेपर लिहायचेत! असो.

आता एक किस्सा, मला हा सांगायला फार आवडतो. साल १८८३, बंगालमधलं सेरामपूर. गोपाळराव जोशी तिथे पोस्टात नोकरीला, आणि त्यांची बायको आनंदीबाई, अजून अठराही पूर्ण नाहीत, म्हणतायत मी एकटी अमेरिकेला जाते आणि डॉक्टर होते. झालं, लोक हात धुऊन मागे लागले. बाईंनी काय करावं? फेब्रुवारीत थेट सेरामपूर कॉलेजच्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून भाषण ठोकलं. आणि गंमत बघा, लोक जे जे विचारत होते तेच प्रश्न स्वतः एकेक करून घेतले. इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का जाणार? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? एकेकाचं उत्तर दिलं, वर ठणकावून सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. सतरा वर्षांची मुलगी हो! एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या.

तर हे इंग्रजीत कसं सांगाल? 'पीपल डिस्वेडेड हर' म्हणालात की घोटाळा, कारण त्याचा अर्थ त्या गेल्याच नाहीत असा होतो. डिस्वेडेड म्हणजे समजावलं आणि समोरच्याने ऐकलं. ऐकलं नसेल तर ट्राईड लावा, 'पीपल ट्राईड टू डिस्वेड हर फ्रॉम गोइंग'. परत सांगतो, ऐकलं तर डिस्वेडेड, नाही ऐकलं तर ट्राईड टू डिस्वेड.

आणि ते फ्रॉम विसरू नका, फ्रॉम आणि पुढच्या क्रियापदाला आयएनजी. आपण मनात 'जाऊ नको म्हणून समजावलं' असं म्हणतो ना, म्हणून तोंडातून 'डिस्वेडेड हिम नॉट टू गो' निघतं. तो 'नको' डिस्वेडच्या पोटातच आहे, वेगळा नॉट नको. फ्रॉम गोइंग, फ्रॉम बाइंग, फ्रॉम सेलिंग, म्हणून बघा मोठ्याने.

पुढच्या वेळी डिटर घेऊ. नमस्कार.