आघात, शरीर आणि शवासनातील हुकूम

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘मानसिक आघातावर शरीराच्या मार्गाने उपचार’ असा भारदस्त विषय छापलेला आहे आणि त्याला मी न्याय देणारच आहे. परंतु त्याआधी आपल्याकडच्या योगवर्गांविषयीची माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी, कारण माझ्या मते अर्धा विषय त्या तक्रारीतच आहे.

किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून गावे नुकती झोपी गेलेली असताना दगडमातीच्या जाडजूड भिंती लोकांच्या अंगावर कोसळल्या. त्यानंतर धडधाकट छताखाली झोपायलाही अनेकांचा जीव धजेना. घर पक्के आहे, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण अंधारात पाठ टेकली की छातीत धडधड सुरू होई आणि समजुतीच्या शब्दांनी ती थांबत नसे.

आता तक्रार. आमच्या वसाहतीच्या सभागृहात पहाटे योगवर्ग भरत असे. शिक्षक तळमळीचे होते, त्यांच्या ज्ञानाविषयी मला शंका नाही. शवासनाची वेळ झाली की ते दिवे मालवीत, दार लावून घेत आणि ‘डोळे मिटा, अंग सैल सोडा, कोणीही हलायचे नाही’ असे फर्मावीत. (ताण सोडण्याचा असा हुकूम फक्त आपल्याकडेच निघू शकतो.) एके दिवशी माझ्या शेजारच्या बाईंचे डोळे सताड उघडे होते, नजर दारावर होती आणि चटईची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरे पांढरी पडली होती. शिक्षक डोक्याच्या बाजूने आले आणि एका शब्दानेही न विचारता त्यांनी बाईंचे खांदे जमिनीला दाबले. बाई ताडकन उठल्या आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडल्या. त्यावर चंचल मनाच्या दुष्परिणामांविषयी एक लांबलचक प्रवचन झाले आणि आम्ही सगळी प्रेते ते निमूटपणे ऐकत पडून राहिलो.

त्या बाईंची कहाणी मी विचारली नाही, आणि विचारण्याची गरजही नव्हती. ज्या माणसाच्या शरीरावर कधीकाळी दुसऱ्या कोणी जबरदस्तीने ताबा मिळवला असेल, त्याच्यासाठी अंधार, उताणे पडणे, बंद दार आणि न दिसणारा हात या सगळ्या धोक्याच्याच खुणा असतात. अमेरिकेत बॉस्टन परिसरात योगशिक्षक डेव्हिड इमर्सन यांनी आघातग्रस्तांसाठी जो योग बेतला, त्यात नेमके हेच टाळले आहे. तेथे शिक्षक स्पर्श करून आसन सुधारत नाही. डोळे उघडे ठेवावेत की मिटावेत, हात कुठवर न्यावा, कधी थांबावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ६४ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अन्य उपचारांना दाद न दिलेल्या या स्त्रियांपैकी दहा आठवडे असा योग केलेल्या ३१ जणींतील १६ जणी आघातोत्तर तणावविकाराच्या (पीटीएसडीच्या) निकषांतून बाहेर आल्या. तेवढेच आठवडे आरोग्यविषयक वर्ग केलेल्या २९ जणींत मात्र हा आकडा ६ होता. अभ्यास लहान आहे, हे मान्यच करावे लागेल. आपल्याकडे कोलकाता संवेद ही संस्था मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत नृत्य आणि हालचालींच्या साहाय्याने २००४ पासून काम करीत आहे. आपले शरीर आपल्या मर्जीने हलते, हा अनुभव त्या मुलींना परत मिळणे मला कोणत्याही आसनाच्या अचूकपणापेक्षा मोलाचे वाटते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा छापील विषय धावतच सांगतो.

धोका दिसताच शरीराला सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेच्या इशाऱ्यावर अॅड्रेनलिन सुटते, हृदयगती वाढते आणि स्नायू लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीत ताठतात. दोन्ही शक्य नसेल, तर शरीर थिजते. आघातानंतर ही यंत्रणा क्षुल्लक खुणेनेही पेटते, आणि शरीराधारित उपचारांचा भर तिला हळूहळू निवळायला शिकवण्यावर असतो. अशा उपचारांचे एक अमेरिकी प्रवर्तक पीटर लेव्हिन यांच्या पद्धतीत रुग्णाला सारी घटना एका दमात सांगायला लावत नाहीत. अस्वस्थ संवेदनेकडे थोडे लक्ष द्यायचे, मग पायाखालच्या जमिनीकडे किंवा अंगातल्या निवांत जागेकडे परतायचे. त्यामागची, मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या वेगस चेतातंतूची उपपत्ती लोकप्रिय असली, तरी तिच्या शरीरशास्त्रावर गंभीर आक्षेप आहेत. या परंपरेचे पूर्वज, मनोविश्लेषक विल्हेल्म राइख यांच्याविषयी बोलायला तर एक अख्खे व्याख्यान लागेल. दडपलेल्या भावना स्नायूंत चिलखतासारख्या घट्ट बसतात, ही कल्पना मांडणारा हा माणूस पुढे वैश्विक ऊर्जेच्या पेट्या बनवू लागला आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या तुरुंगात वारला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणावविकारासाठी शिफारस केली ती आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचाराची (म्हणजे आघाताभोवतीचे विचार आणि वागणूक बदलण्याच्या उपचाराची) आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेल्या ईएमडीआरची. म्हणून शरीराधारित पद्धती या उपचारांच्या जोडीला घ्याव्यात, त्यांच्याऐवजी नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नये. आणि कोणी न विचारता अंगाला हात लावू लागला, तर आसन अर्धवट सोडून उठावे.